केदार: मागे जे राहतं त्याचं क्रियापद

स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी माणसाच्या हाती बहुधा इंग्रजीतून लिहिलेलं पुस्तक पडतं. त्यात 'केदार' या क्रियापदापुढे अर्थांची रांग असते: राहणे, उरणे, अमुक ठिकाणी असणे, भेट ठरवणे, अंगाला बसणे. (उच्चारताना जोर शेवटच्या 'दार'वर द्यायचा.) ती रांग घोकून पाठ होते, क्रियापद मात्र हाती लागत नाही. इथे मराठी माणसाने इंग्रजीचा वळसा घेऊच नये, असं माझं मत आहे.

या क्रियापदाचं मूळ लॅटिन 'क्विएतारे', म्हणजे शांत करणं, निवांत करणं. काहीतरी घडून गेलं, हालचाल थांबली, आता काय आहे? 'केदार' तिथून बोलायला लागतं. पैसे खर्च झाले: 'मे केदान दोस एउरोस', माझ्याकडे दोन युरो उरलेत. वाक्याचा कर्ता मी नाही, युरो आहेत, आणि ते दोन म्हणून क्रियापद अनेकवचनी. 'मला आवडतं', 'मला सुचतं' असं रोज बोलणाऱ्यांना ही रचना परकी वाटू नये. बोलणं होऊन वेळ पक्की झाली: 'केदामोस आ लास ओचो', आठला भेटायचं ठरलं. शर्ट घालून पाहिला आणि तो नीट बसला, तिथेही केदार. चारचौघांत एखादा मूर्ख ठरला, तिथेही केदार. राहणं, उरणं, ठरणं, बसणं: आपण चार क्रियापदं वापरतो, पण चारही थांबण्याचीच आहेत.

खरी खोली पुढे आहे. आपल्या 'होणे'साठी स्पॅनिशमध्ये एकच एक क्रियापद नाही. डॉक्टर किंवा श्रीमंत होण्याला 'आसेर्से' म्हणतात, शब्दशः स्वतःला करणं. घाबरंघुबरं होण्याला 'पोनेर्से', वेडं होण्याला 'बोल्बेर्से'. पण नवरा गेला, दृष्टी गेली, नोकरी सुटली, टक्कल पडलं, की 'केदार्से'. 'से केदो बिउदा', ती विधवा राहिली. त्या बाईने काही केलं असं हे वाक्य म्हणत नाही. माणूस गेला आणि मागे ती आहे, एवढंच म्हणतं. दुःखाविषयी इतकं नेमकं आणि इतकं कमी बोलणारं व्याकरण मला फार मोलाचं वाटतं. अर्थात केदार्से फक्त गमावण्यापुरतं नाही. गर्भ राहण्यालाही तेच लागतं, आणि 'दिवस राहिले' म्हणणाऱ्या भाषेला ते समजावून सांगावं लागत नाही.

हेच क्रियापद निष्ठुरही होतं. लग्न न झालेल्या बाईविषयी स्पेनमध्ये म्हणत, ती 'केदार्से पारा बेस्तिर सान्तोस', संतांना कपडे चढवायला राहिली. चर्चमधल्या मूर्तींना वस्त्रं नेसवण्याचं काम अशा बायकांकडे येई. एक अख्खं आयुष्य 'मागे राहिलेलं' म्हणून मोजलं गेलं, आणि ते मोजमाप वाक्प्रचारात पक्कं झालं. हा प्रयोग मला बोचतो.

2020 मध्ये हे क्रियापद साऱ्या स्पेनच्या तोंडी होतं. मार्चमध्ये आणीबाणी लागू झाली आणि 'केदाते एन कासा', घरीच राहा, हे वाक्य जिकडेतिकडे झळकू लागलं. ऑक्टोबरमध्ये रात्रीची संचारबंदी आली. संचारबंदीला स्पॅनिशमध्ये 'तोके दे केदा' म्हणतात. तोके म्हणजे घंटेचा किंवा नगाऱ्याचा ठोका, आणि केदा म्हणजे सगळं निवांत होण्याची वेळ. रात्री लोकांनी घरी परतावं म्हणून असा इशारा दिला जाई. पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी हा शब्द टाळून 'रात्रीच्या वावरावर निर्बंध' असं म्हणायला सुचवलं. लोक तोके दे केदाच म्हणत राहिले. मला लोकांचंच पटतं. घरात बसायची सक्ती असेल तर तिचं नाव तरी सरळ असावं.

एका जागी मात्र मराठीची सोबत सुटते. स्पेनमध्ये संध्याकाळचं बोलावणं नाकारताना 'ए केदादो' एवढं म्हटलं की पुरतं. माझं कुणाशी तरी भेटायचं ठरलंय, असा त्याचा अर्थ. कुणाशी, कुठे, किती वाजता, काहीच जोडावं लागत नाही. आपण नुसतं 'ठरलंय' म्हटलं, तर समोरचा 'काय?' असं विचारल्यावाचून राहत नाही.