बाबा उत्तर देत नाहीत

आज सकाळी कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या आत माझी वेणी घालून झाली. आरसा, कंगवा, टिकली आणि बाहेर. ज्यांचं हे रोजचंच आहे, त्यांना यात सांगण्यासारखं काही वाटणार नाही. मला मात्र ओट्याजवळ येऊन उभी राहिल्यावर क्षणभर भरून आलं. आयुष्यातली अकरा वर्षं मी दिवसाचे तीन-चार तास आरशाला दिले आहेत, आणि त्यातला एक तासही हौसेचा नव्हता.

तेराव्या वर्षी मला माझं नाक दिसायला लागलं. त्याआधी ते नुसतं होतं. एकदा दिसलं ते दिसतच राहिलं. बसकं, डावीकडे झुकलेलं, चेहऱ्यावर न मावणारं. डब्याच्या झाकणात, एसटीच्या काचेत, पुढे मोबाइलच्या काळ्या पडद्यात मी तेवढंच बघायची. वर्गात डावी बाजू भिंतीकडे येईल असाच बाक धरायची. कुणी हसलं की माझ्या नाकालाच हसलं, याची मला खात्री असे.

बाबांच्या एकसष्टीच्या दिवशी मी साडी नेसून तयार होते. निघताना शेवटचं म्हणून आरशात पाहिलं आणि तिथेच अडकले. आई हाक मारून गेली, ताई दार वाजवून गेली. मग खुद्द बाबा आले आणि न्हाणीघराच्या दाराबाहेर जमिनीवर बसले. दाराखालच्या फटीतून मला त्यांच्या नव्या उपरण्याची जर दिसत होती.

"बाळा, तुझ्या नाकाला काहीही झालेलं नाही गं."

"खरं सांगताय?"

"अगदी खरं."

"मग आत्या तशी का बघत होती?"

त्यांनी पुन्हा सांगितलं, मी पुन्हा विचारलं. बाहेर एकसष्ट दिवे लावलेलं तबक तयार होतं. त्यातल्या काही वाती विझल्या, तेल घालून पुन्हा लावाव्या लागल्या, आणि ज्यांना ओवाळायचं ते इकडे फरशीवर बसून माझी समजूत काढत होते. ती समजूत दोन मिनिटं टिकायची. कधी तेवढीही नाही.

पैसे साठवून मी एका प्लास्टिक सर्जनकडे गेले. त्यांनी नाक पाहिलं आणि विचारलं, "दिवसातून किती वेळ याचा विचार करता?" मी खरं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, शस्त्रक्रिया करणार नाही म्हणाले आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली. मी रडत घरी आले. आज वाटतं, माझ्या बाजूने उभा राहिलेला तो पहिला डॉक्टर. या आजारात नाक दुरुस्त करून मन सहसा शांत होत नाही. लक्ष त्याच नाकावर परत येतं, नाहीतर हनुवटीवर, केसांवर, कातडीवर जाऊन बसतं.

आजाराचं नाव बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर. एन्रिको मोर्सेली या इटालियन मानसोपचारतज्ज्ञाने १८९१ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. बोलताना, वाचताना, जेवायला बसलेलं असताना, कुठेही आणि कधीही आपण विद्रूप असल्याची भीती या माणसांना गाठते, असं त्याने नोंदवलं. हे कळलं तेव्हा मला माझं अर्ध्यावर सोडलेलं ताट आठवलं. सव्वाशे वर्षांपूर्वी दूर देशातल्या कुणाचं तरी ताट असंच राहिलं होतं. २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या वर्गीकरणात हा आजार ओसीडीच्या, म्हणजे आपण ज्याला मंत्रचळ म्हणतो त्याच्या गटात ठेवला. ते मला फार पटतं. हात पुन्हा पुन्हा धुणाऱ्या बाईला कुणी "स्वच्छतेची हौस आहे" म्हणत नाही. आम्हाला मात्र "नटवी" म्हणतात. शंभरातल्या दोघांच्या आसपास माणसांना हा त्रास असतो, त्यात पुरुष बायकांच्या बरोबरीने येतात. व्यायामशाळेत तासन्‌तास घालवूनही स्वतःला काडीपैलवान समजणारा आणि उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालणारा मुलगा यातला असू शकतो. या आजारात जीव नकोसा होण्याचा धोका मोठा असतो. मलाही तसं झालेलं आहे. म्हणून हे लपवून ठेवू नका, एवढं मी कळकळीने सांगते. कुठे जायचं ते सुचत नसेल, तर सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं.

मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या औषधाचा परिणाम जाणवायला तीनेक महिने लागले. त्याच्या जोडीला दर आठवड्याला थेरपी. त्यातला आरशाचा व्यायाम सर्वांत अवघड गेला. मी आरशाला नाक लावून बघायची, त्यामुळे अख्खा चेहरा कधी दिसायचाच नाही. आता दोन हात लांब उभं राहायचं आणि कपाळापासून पायापर्यंत जे आहे त्याचं वर्णन करायचं. चांगलं नाही, वाईट नाही, नुसतं वर्णन. कपाळ जमलं. भुवया जमल्या. नाकाशी आल्यावर माझी भाषाच संपली. 'नकटं' म्हटलं तर तो निकाल झाला. 'चाफेकळी' म्हटलं तर तोही निकालच, उलट बाजूचा. 'नाकीडोळी नीटस' मध्ये तर परीक्षा आणि गुण दोन्ही आले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, ही म्हण आपण सहज बोलून जातो. मी ती शाळेत म्हणींच्या यादीत पाठ केली होती. केवळ त्या म्हणीने मी आजारी पडले असं मी म्हणणार नाही. यात आनुवंशिकता असते, मेंदूची बारकावेच टिपण्याची खोड असते, लहानपणीचं चिडवणं असतं. पण निकाल न देता नाकाबद्दल बोलायला मला माझ्याच भाषेत शब्द सापडेना, हे खरं.

तीन आठवडे त्या शब्दांपाशी गेले. शेवटी वहीत लिहिलं: "दोन नाकपुड्या. मधला भाग गालांपेक्षा उंच. दोन्ही बाजूंना चष्म्याची खूण. टोकाला तीळ." तो तीळ मला तोवर माहीतच नव्हता. अकरा वर्षं ज्याच्याकडे डोळे लावून बसले, त्याच्यावरचा तीळ मी पाहिला नव्हता.

मग घरच्यांना बोलावून घेतलं. "नाक कसं दिसतंय" या प्रश्नाला आता कुणीही उत्तर द्यायचं नाही, असं ठरलं. उत्तराने आजाराला खाद्य मिळतं. त्याऐवजी काय म्हणायचं ते बाबांनी कागदावर लिहून घेतलं आणि घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. पहिल्यांदा मी विचारलं तेव्हा त्यांनी कागद काढला, चष्मा लावला आणि वाचलं, "हा प्रश्न आजाराचा आहे. याला मी उत्तर देणार नाही. चल, चहा टाकू." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्या रात्री ते गच्चीवर एकटेच बसून होते, हे आईने खूप नंतर सांगितलं. लेकीला "छान दिसतेस" म्हणण्यापासून स्वतःला अडवणं बापाला किती जड गेलं असेल!

माझं नाक मला आजही आवडत नाही. बरं होण्यासाठी ते आवडावं लागतं, असा माझा समज होता. तसं लागलं नाही. तासाचे पाऊण झाले, पाऊण तासाचा अर्धा, आणि मोकळ्या झालेल्या वेळात मी नोकरी धरली, पोहायला शिकले, ताईच्या मुलाचा अभ्यास घेऊ लागले. वाईट दिवस अजून येतात. परवा बुधवारी भाच्याने जवळून फोटो काढला आणि मला दाखवला. संध्याकाळपर्यंत मी तग धरला, मग स्वयंपाकघरात जाऊन बाबांना विचारलंच.

बाबा आता अडुसष्ट वर्षांचे आहेत. तो कागद कधीच विरून गेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गॅसवर आधण ठेवलं आणि किसणी माझ्या हातात दिली.

"आलं जरा जास्त घाल," म्हणाले.

मी आलं किसायला घेतलं.