लवणासुर दोनदा मेला

उसनं मागण्यात आपल्याला संकोच नाही. साखर मागतो, विरजण मागतो, जमलं तर शेजाऱ्याचं वर्तमानपत्रही मागतो. पण अख्खं जगच उसनं घ्यायचं आणि त्यात आपली कादंबरी मांडायची, हे नीतीला धरून आहे का?

हा प्रश्न माझ्या आजीला पडला. बुलढाण्याच्या घरी, ओट्यावर बसून मी तिला शिवाजी सावंतांची १९६७ सालची 'मृत्युंजय' वाचून दाखवत होतो. त्यात कर्ण स्वतः बोलतो, कुंती बोलते, दुर्योधनही बोलतो. आजी कडाडली, "व्यासाच्या घरात हा कोन घुसला रे? कुंतीच्या मनातलं याले कोनं सांगतलं?"

मग मी तिला तिच्याच गोष्टीत पकडलं. लोणारचं तळं दाखवताना ती सांगायची : इथं लवणासुर दडून बसायचा. विष्णूनं देखण्या तरुणाचं रूप घेतलं, असुराच्या दोघी बहिणींना भुलवून जागा काढून घेतली आणि त्याला मारलं. म्हणून तो दैत्यसूदन. गावात त्याचं देऊळही आहे.

"पण आजी, रामायणात लवणासुराला शत्रुघ्नानं मारलंय. तेही मथुरेकडं!"

आजी जराही ओशाळली नाही. "तिकडचा तिकडं मेला, आपला इथं मेला. तुले कायले पाहिजे हिशेब?"

शास्त्रज्ञांनी तर खडक तपासून सांगितलं, की सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं हे विवर उल्केनं पाडलेलं. म्हणजे इथं असुर मेलाच नाही! तरी आजीची गोष्ट माझ्या मनातून जात नाही. कारण शेवटाशी ती नेहमी थांबायची. "देवाचं काम झालं. पन त्या फसलेल्या पोरींचं पुढं काय झालं, कोनी सांगतच नाई."

इथं मला उत्तर सापडतं. कुंती काही तक्रार करायला येणार नाही, त्या बहिणीही येणार नाहीत. म्हणूनच त्यांच्या तोंडून बोलणाऱ्यानं जपून बोलावं, आणि कुणी न विचारलेलं त्यांचं दुःख विचारावं. तेवढं केलं, तर ती चोरी नाही.

कादंबरी संपली त्या संध्याकाळी आजी बराच वेळ गप्प होती. मग शेजारणीची विरजणाची वाटी परत करायला निघाली. रिकामी वाटी देऊ नये म्हणून तिनं तीत चार शेंगदाणे टाकले आणि दारातून म्हणाली, "त्या सावंतानंबी वाटी रिकामी नाई देली हो."