अनुभवाचा खोटा दाखला

पदवी हाती येते आणि संगणक-प्रोग्रॅमिंगची पहिली नोकरी शोधणारा तरुण पुण्याच्या हिंजवडीत कचेऱ्यांचे उंबरठे झिजवू लागतो. जाहिरातीत अट असते : दोन वर्षांचा अनुभव. अनुभवावाचून नोकरी नाही आणि नोकरीवाचून अनुभव नाही! अशा वेळी कोणीतरी कानाशी लागतो, "पैसे मोज, अनुभवाचा दाखला मिळेल."

अट अन्याय्य असेल, तर ती खोटेपणाने ओलांडणे क्षम्य आहे काय?

असे दाखले पडताळून पाहता यावेत म्हणून नॅसकॉम या उद्योगसंघटनेने २००६ साली कर्मचाऱ्यांची राष्ट्रीय नोंदणी सुरू केली. परंतु पकडले जाण्याचे भय म्हणजे नीती नव्हे. खोटा दाखला कंपनीला फसवतो हे उघडच आहे. त्याहून वाईट म्हणजे, खरे लिहिणाऱ्या दुसऱ्या उमेदवाराची जागा तो हिरावून घेतो. ज्या अन्यायाने आपण पोळलो, तोच आपण शेजाऱ्याच्या माथी मारतो.

मग वाट कोणती? अनुभव केवळ पगारातूनच येतो असे नाही. १९९१ साली लिनस टॉरव्हाल्ड्स हेलसिंकी विद्यापीठात विद्यार्थीच होते. त्यांनी लिनक्सचा गाभा लिहून सर्वांपुढे उघडा ठेवला. ती झेप सर्वांना जमणार नाही. पण ओळखीच्या दुकानदाराचा हिशेब चोख ठेवणारा लहानसा प्रोग्रॅमही खरी साक्ष देतो.

ही वाट लांबची आहे, आणि घरची घाईच पुष्कळदा मुलाला खोट्याकडे ढकलते. म्हणून आईबापांनो, "नोकरी लागली का?" असे रोज विचारण्यापेक्षा "आज काय शिकलास?" असे विचारा.