ऐंशी जागा आणि बाकीची मुले

विंचूरच्या बाजारात कांदा नेणाऱ्या शेतकऱ्यास निवड म्हणजे काय हे सांगावयास नको. मोठा कांदा एकीकडे, गोल्टी दुसरीकडे. जशी प्रत तसा भाव. कांद्याच्या बाबतीत हे रास्त होय. परंतु दहा वर्षांच्या मुलांची अशी निवड करणे न्यायाचे आहे काय? जवाहर नवोदय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेमुळे हा प्रश्न पुष्कळ घरांत उभा राहतो, म्हणून त्याचा शांतपणे विचार करू.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या सुमारास ही विद्यालये सुरू झाली. पहिली दोन हरियाणात झज्जर येथे व आपल्या महाराष्ट्रात अमरावती येथे निघाली. खेड्यातील हुशार मुलास, बापाची ऐपत न पाहता, उत्तम शिक्षण मिळावे हा त्यांचा हेतू. नाशिक जिल्ह्याचे विद्यालय दिंडोरी तालुक्यात खेडगाव येथे आहे. तेथे राहणे, जेवण व पुस्तके यांचा भार सरकार वाहते. सहावीच्या वर्गात फार तर ८० मुले घेतात. आणि पाचवीतील मुलाने दोन तासांत ८० प्रश्न सोडवून आपली जागा मिळवावयाची असते. ही संधी एकदाच मिळते.

कित्येक म्हणतात, कोवळ्या मुलांस अशी कसोटी लावणेच अन्यायाचे. आम्हांस तसे वाटत नाही. जागा थोड्या आणि मागणारे फार, तेव्हा त्या कोणत्या तरी रीतीने वाटाव्याच लागतात. परीक्षा नसती तर चिठ्ठी चालली असती, ओळख चालली असती. आणि ज्याच्या बापास कचेरीत कोणी ओळखत नाही, तो मुलगा दाराबाहेरच राहिला असता. उत्तरपत्रिका तपासताना बाप कोण हे विचारीत नाहीत, हा परीक्षेचा मोठा गुण होय.

परंतु तिचे मापही ओळखून असावे. १९०५ साली पॅरिस येथे आल्फ्रेड बिने याने बुद्धीची कसोटी रचली, ती हुशार मुले वेचण्याकरिता नव्हे. शाळेत मागे पडणाऱ्यांस ओळखून त्यांस विशेष मदत द्यावी म्हणून. मुलाची बुद्धी कायमची ठरलेली असते, असे त्याने मानिले नाही. शिवाय परीक्षेच्या दिवशी जे मोजले जाते, त्यात बुद्धीबरोबर दुसरेही पुष्कळ असते. एका मुलास खासगी शिकवणी असते. दुसरी मुलगी कांद्याच्या काढणीत धाकट्या भावास सांभाळीत घरी राहते. दोघांपुढे प्रश्न तेच, पण तेथवर येण्याची वाट एक नव्हे. सरकारही हे जाणते. म्हणूनच निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांकरिता व एक तृतीयांश मुलींकरिता ठेविल्या आहेत.

तर मग दोष कोठे? निकालाचा आपण जो अर्थ करितो, त्यात. यादीत नाव नाही याचा अर्थ इतकाच की जागा ८० होत्या. पण घरी काय बोलले जाते? "दादाचे नाव लागले, तुझे नाही, तू आता गुरे राख." दहाव्या वर्षी ऐकलेले असे शब्द मूल जन्मभर विसरत नाही. परीक्षेने त्यास केवळ एक जागा नाकारली होती. त्याची किंमत आपण ठरविली. कांदा ढिगात टाकिल्यावर वाढत नाही. मूल तर वाढतच असते.

२००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. त्या हक्कास कोणतीही परीक्षा लागत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत राहिलेली मुले ही टाकलेली मुले नव्हेत. गावचे पुढील दिवस बहुतांशी त्यांच्याच हाती असतात.

म्हणून, बंधुभगिनींनो, मुलास परीक्षेस अवश्य बसवा. नाव लागले तर त्यास सांगा की, ही जागा तुला मिळाली, ती पुष्कळांस मिळाली नाही; त्यांचे ऋण तुझ्यावर आहे. नाव न लागले तर त्याच संध्याकाळी त्याच्याजवळ बसा, त्याचे पुस्तक उघडा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या गुरुजींस भेटून पुढे काय करावे हे विचारा. निवड न्यायाने व्हावी हे सरकारने पाहावे. न निवडलेल्यास न्याय देणे हे आपल्या घरचे काम आहे.