मेलेल्या माणसाची बाजू

खोटे बोलू नये, हे लहान पोरही जाणते. पण अर्धवट ठाऊक असलेली गोष्ट रंगवून सांगणे, हे खरे की खोटे? आम्हां कीर्तनकारांना हा प्रश्न रोजचा आहे.

इंग्लंडात डॉर्सेट परगण्यात मेडन कॅसल नावाची टेकडी आहे. सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वी पाषाणयुगातल्या लोकांनी तिच्या माथ्यावर चर खणून आवार आखले. पुढे ते ओस पडले. इ. स. पूर्व ६०० च्या सुमारास लोखंड वापरणाऱ्या लोकांनी त्याच जागी किल्ला उभारला; तो वाढत ४७ एकरांचा झाला.

१९३४ ते १९३७ या काळात मॉर्टिमर व्हीलर व त्यांची पत्नी टेसा यांनी तेथे उत्खनन केले. पूर्व दरवाजापाशी सांगाडे निघाले; काहींच्या हाडांवर घाव, एकाच्या मणक्यात लोखंडी टोक रुतलेले. व्हीलरांनी त्यावरून रोमन हल्ल्याची अशी लढाई वर्णिली की वाचणाराच्या अंगावर काटा यावा! पण २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या कालमापनाने दाखवले, की ती माणसे एका दिवशी नव्हे, कित्येक दशकांत मेली होती.

हेच व्हीलर १९४४ ते १९४८ आपल्याकडे पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते. मोहेंजोदारोच्या सांगाड्यांवरून त्यांनी कत्तल ठरवली आणि ऋग्वेदातल्या इंद्राला आरोपी केले. १९६४ साली जॉर्ज डेल्स यांनी तो पुरावा तपासून ती कत्तल खोडून काढली.

हसू नका, मंडळी. आम्हीही एका गावी तिथल्या पडक्या गढीची फितुरी आख्यानात ओवली होती. सभा डोलली. शेवटी एक म्हातारा माळकरी पाया पडून म्हणाला, "बुवा, तो फितूर आमच्याच घराण्यातला म्हणतात. तुम्हाला कुणी सांगितलं?" आम्हांस उत्तर देता आले नाही.

मग कल्पना टाकूनच द्यावी काय? नाही. देवाची लीला खुशाल रंगवावी. पण मेलेल्या माणसावर दोष ठेवताना जीभ आवरावी. तो उठून आपली बाजू मांडू शकत नाही. व्हीलरांची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. कोणता थर, कोणती वस्तू, हे त्यांनी नीट टिपून ठेवले, म्हणूनच मागाहून आलेल्यांना चूक सुधारता आली. आम्ही तर काहीच टिपले नव्हते.

पुढल्या वर्षी त्याच पारावर उभे राहून आम्ही सांगितले, "ती फितुरी आमच्या पदरची होती." त्या रात्री कीर्तनाला रंग चढला नाही. म्हातारा मात्र आरतीपर्यंत बसून होता.