पलीकडची लहर

दिवाळीची साफसफाई ही मोठी धोक्याची गोष्ट आहे. माळ्यावरची भांडी खाली येतात, कोळिष्टके निघतात, आणि त्यांच्याबरोबर कधी कधी मनाच्या कोपऱ्यात नीट झाकून ठेवलेली एखादी अडचणही बाहेर पडते. यंदा माझ्या बाबतीत तसेच झाले; निमित्त झाले एका वीतभर खोक्याचे.

आमचे घर जुन्या पनवेलीत, टपाल नाक्यापासून चालत पाच मिनिटांवर. एके काळी ते एकच घर होते. वडिलांच्या पश्चात वाटणी झाली, माजघराच्या मधोमध विटांची भिंत उभी राहिली, आणि पलीकडे दादा व अलीकडे मी असे आम्ही दोघे भाऊ गेली अकरा वर्षे शेजारी म्हणून राहत आहोत. भांडण म्हणावे असे काही नाही. सणाला फराळाचे ताट जाते, ताट येते. पण ते बायकामुलांच्या हातून. दादा आणि मी रस्त्यात भेटलो तर पावसाबद्दल बोलतो. पावसाळा संपला की बोलण्यासारखे काही उरत नाही.

तर खोक्याची हकीकत अशी. आमच्याकडे इंटरनेट येते ते ओटीवर, आणि राउटरही तेथेच. टीव्ही आणि गाणी ऐकण्याचा अँप्लिफायर आहेत माजघरात. दोन्ही यंत्रे थोडी जुन्या वळणाची. त्यांना वायर जोडायची खाच आहे, पण हवेतले काही उचलण्याची विद्या नाही. ओटीपासून माजघरापर्यंत वायर ओढायची म्हणजे दोन उंबरे कोरायचे, आणि त्याला घरातून सक्त मनाई. अखेर दादाचा धाकटा, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला माझा पुतण्या, मदतीला आला. "काका, वायर कशाला? ब्रिज लावू," तो म्हणाला.

ब्रिज म्हणजे पूल. हे खोके राउटरची लहर हवेत पकडते आणि आखूड वायरीने शेजारच्या यंत्रांना पुरवते. टीव्हीला बिचाऱ्याला वाटते, आपण थेट राउटरलाच जोडलेले आहोत. पुतण्याने आणखी एक गोष्ट बजावली. घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता देण्याचे काम एकट्या राउटरचे. पुलाने फक्त इकडचे तिकडे पोचवायचे. दोघेही पत्ते वाटू लागले तर यंत्रांचा गोंधळ उडतो. एका घरात कर्ते दोन झाले म्हणजे काय होते, हे मला त्याच्याकडून शिकण्याची गरज नव्हती. मी नुसती मान हलवली.

त्याने खोके लावले आणि फोनवर आसपासच्या लहरींची यादी उघडली. आळीतली दहा-बारा नावे दिसली. प्रत्येकापुढे कुलपाचे चिन्ह. आमचे नाव पार तळाला, मरतुकड्या एका रेघेचे. आणि सर्वांत वर, भरघोस रेघांचे, दादाचे. त्याचा राउटर वाटणीच्या भिंतीलाच पलीकडून टांगलेला आहे. विटांची ती भिंत त्या लहरीला जेमतेम अडवते.

"आमचीच घेऊ की, काका," पुतण्या म्हणाला. "पासवर्ड मला पाठ आहे. बाबांना कळणारसुद्धा नाही."

मी त्याला थांब म्हटले. का म्हटले, ते त्या क्षणी मलाही नीट सांगता आले नसते. म्हणून मी झोपाळ्यावर बसलो आणि विचार करू लागलो.

जी लहर न बोलावता माझ्या घरात येते, माझ्या देव्हाऱ्यावरून आणि माझ्या अंगातूनही जाते, ती कोणाची? हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात न दिसणाऱ्या लहरी भिंतीपार पाठवून घंटा वाजवून दाखवली, तेव्हाच भिंतीचा जुना अर्थ संपला होता. पुढे १९२७ साली मुंबईचे रेडिओ केंद्र सुरू झाले, आणि लहर जरी सर्वांच्या छपरावरून जात असली तरी ती ऐकायला सरकारचा परवाना लागे. आमच्या वडिलांचे ते परवान्याचे पुस्तक मला आठवते. दर वर्षी टपाल कचेरीत पैसे भरून ते ताजे करावे लागे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. आणि आपल्या वाय-फायचा जो २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा, तो कमी शक्तीच्या यंत्रांसाठी २००५ सालापासून परवान्यावाचून सर्वांना खुला आहे. म्हणजे आकाश कोणा एकाचे नाही. मग दादाच्या लहरीवर दादाचा हक्क तो कसला?

मनाचा वकील मोठा हुशार असतो. तो म्हणाला, दादाच्या आकाशकंदिलाचा उजेड दर वर्षी तुझ्या अंगणात पडतो. त्याची परवानगी तू कधी घेतलीस? लहानपणी शेजारच्या रेडिओवरची गाणी तू आपल्या पायरीवर बसून ऐकलीस. ती का चोरी होती? उजेड घेतल्याने दिवा विझत नाही. दादाचे जाणार काय?

युक्तिवाद बिनतोड दिसला. पण उपमेतच फट होती. कंदिलाचा उजेड माझ्यावर पडतो, मी त्याला काही विचारत नाही. रेडिओचेही तसेच, केंद्र बोलते, आपण ऐकतो, आणि कोण ऐकत आहे हे केंद्राला ठाऊकही नसते. हे नवे यंत्र असे मुकाट ऐकत नाही. ते दर क्षणाला पलीकडच्या यंत्राजवळ काही मागते, आणि पलीकडचे यंत्र ते आणून देते. जितका वेळ ते माझ्यासाठी राबेल तितका वेळ दादाच्या घरातले कोणीतरी थांबेल. शिवाय माझ्या माजघरातून जे जे मागितले जाईल ते बाहेरच्या जगात दादाच्या जोडणीच्या नावावर मांडले जाईल. हे उजेड अंगावर पडणे नव्हे. भावाच्या नावाने दुकानात खाते चालवणे आहे.

आणि समजा, त्याचे काहीच जाणार नसते, त्याला कधी कळणारही नसते, तर? खरा प्रश्न हाच आहे. ज्याने कोणाचे नुकसान होत नाही आणि जे कोणाला कळत नाही, त्यात वाईट ते काय? मला वाटते, त्यात दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे तो पोर. शब्द त्याला ठाऊक होता तो घरातला मुलगा म्हणून. मी त्याला बापाच्या माघारी घरचे देणारा करणार होतो. दुसरी गोष्ट त्याहून बारीक आहे. न विचारता मिळाले की विचारण्याचे कारण संपते. पूर्वी विरजण संपले, पाहुण्यांना पाट कमी पडले, की शेजारी जावे लागे. मागणारा थोडा वाकत असे, देणारा थोडा सुखावत असे, आणि परतफेडीच्या निमित्ताने पुन्हा जाणे होई. शेजार म्हणतात तो अशा मागण्यांतूनच विणला जात होता. आपोआप भिंतीतून आलेले कोणालाच कोणाशी बांधत नाही.

आळीतल्या त्या कुलपांचाही मला आधी राग आला होता. हवा सर्वांची, आणि जो तो कुलपे लावून बसलेला! पण कडी असते म्हणून तर ती वाजवता येते.

मी उठलो आणि दादाकडे गेलो. तो वर्तमानपत्र वाचत होता.

"गेला म्हणायचा पाऊस यंदाचा," मी म्हणालो.

"गेला."

एवढ्यावर नेहमी आमचे संभाषण संपते. मी मात्र तसाच उभा राहिलो आणि काय हवे ते सांगितले. त्याने चष्म्यावरून पाहिले.

"पोराला ठाऊक आहे की शब्द."

"आहे. पण तुला विचारावं म्हटलं."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग वर्तमानपत्राचा कोरा काठ फाडून त्यावर परवलीचा शब्द लिहिला. "परीक्षेच्या दिवसांत जरा बेतानं वापरा," तो म्हणाला; आणि मी वळणार तोच, "चहा टाकलाय, घेऊन जा." तो शब्द काय होता, हे वाचकांना अर्थातच सांगता येणार नाही, तो मला विश्वासाने मिळाला आहे.

आता गंमत ऐका. मी चहा घेऊन परत आलो तर माजघरात टीव्ही सुरू! साफसफाईसाठी मुलींनी मधल्या दारापासचे लोखंडी कपाट ओढून बाजूला केले होते. आमच्या लहरीला इतके दिवस आडवे आले होते ते तेच. लोखंडापुढे या लहरीचे काही चालत नाही. आमच्याच राउटरवर पूल चालू लागला, आणि दादाचा शब्द वापरण्याची वेळच आली नाही.

मग माझे जाणे फुकट गेले काय? हिशेबी मनुष्य हो म्हणेल. मी तो कागद घडी करून पाकिटात ठेवला आहे. लहर भिंतीतून कोणालाही न विचारता जाते, ती तिची शक्ती. पण पुतण्याच्या त्या वीतभर पुलालासुद्धा पलीकडच्याने होकार दिल्यावाचून काही करता येत नाही, आणि माणसांच्या पुलाची गोष्ट याहून निराळी असेल असे मला वाटत नाही.

यंदा फराळाचे ताट मी स्वतः घेऊन जाणार आहे. पाऊस तर संपला आहे. काय बोलायचे, ते अजून ठरलेले नाही.