खोली किती?

माझा भाचा अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या स्टिलवॉटर गावी शिकतो. शिकतो असं माझी बहीण म्हणते. ऑगस्ट लागला की त्याचे जे निरोप येतात त्यांत अभ्यास चुकूनच असतो. सगळा मजकूर कॉलेजच्या फुटबॉल टीमचा. परवा त्यानं विचारलं, "मामा, तू कॉमर्सवाला. यंदा आमच्या रनिंग बॅकची डेप्थ कशी वाटते तुला?"

आम्हांला बी.कॉम.ला घसारा होता, बुडीत कर्जाची तरतूद होती. रनिंग बॅक नव्हता. पण मामा झालेल्या माणसाला अज्ञान कबूल करायची सोय नसते. चौकशी करणं आलं.

तिकडचा फुटबॉल बहुतेक हातानंच खेळतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर आणखी चार प्रयत्न. रनिंग बॅक म्हणजे चेंडू पोटाशी धरून समोरच्या अकरा आडदांडांत घुसणारा गडी. सकाळच्या गर्दीत दादरला डबा पोटाशी धरून लोकलमध्ये शिरणारा माणूस आठवा. फरक एवढाच, की लोकलमधली माणसं मुद्दाम पाय ओढत नाहीत. निदान रोज ओढत नाहीत. पहिल्या नंबरचा गडी हे एका मॅचमध्ये वीस-वीस वेळा करतो, आणि मोसमात बारा मॅच. गुडघा, घोटा, खांदा, सगळं घसाऱ्याला पात्र. म्हणून एकामागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा अशी नावांची उतरंड कोच मोसमाआधीच लावून ठेवतो. ती किती खाली जाते ती डेप्थ, म्हणजे आपली खोली. गंमत अशी, की एका जागेवर खेळणाऱ्यांच्या जथ्याला तिकडे 'रूम' म्हणतात. तीही मराठीत खोलीच! कधीकधी पहिल्या दोघांत कोचचं ठरत नाही, मग तो दोन नावांच्या मध्ये 'ऑर' लिहितो. आमच्याकडे जॉइंट अकाउंटवर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' लिहितात. कोच 'सर्व्हायव्हर' हा शब्द सभ्यपणे गाळतो इतकंच.

इथपर्यंत हिशेब जुळला. मग मला एक भलताच प्रश्न पडला. त्या दुसऱ्या नंबरच्या पोरानं सकाळी देवाला मागायचं काय? पहिल्याला उदंड आरोग्य मागावं तर आपण जन्मभर बाकावर. त्याचा पाय मोडू दे म्हणावं तर सरळसरळ पाप. राहता राहिली मधली मागणी : 'मोडू नको, पण मुरगळू दे.' ही मध्यमवर्गीय मागणी आहे, आणि ती मी स्वतः केलेली आहे.

आमच्या शाखेत तिजोरीची एक किल्ली हेड कॅशियरांकडे असते. ते रजेवर गेले की ती माझ्याकडे येते आणि किल्लीबरोबर ऑफिशिएटिंग अलाउन्स. काही वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत दुखलं, दवाखान्यात ठेवलं. मी मोसंबी घेऊन भेटायला गेलो. वहिनी डोळे पुसत होत्या, मी मोसंबं सोलत होतो आणि माझ्या डोक्यात आकडेमोड चालली होती : अँजिओप्लास्टी म्हणजे पंधरा दिवस, बायपास म्हणजे दोन महिने. बायपास धरून मी मुलीच्या क्लासची फी भरूनसुद्धा टाकली. इतक्यात डॉक्टर आले नि म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. ॲसिडिटी!" वहिनींचा चेहरा खुलला. माझा खुलायला क्षणभर उशीर झाला. तो क्षण कुणी पाहिला नाही, पण माझ्या लेजरला त्याची नोंद आहे. वर हेड कॅशियर काय म्हणाले असतील? "तुम्ही मागे होतात म्हणून चार रात्री झोप लागली हो. नाहीतर किल्लीच्या काळजीनंच गेलो असतो."

आता मोजतो कोचही. पहिला पडणार असं धरूनच तो दुसरा तयार ठेवतो आणि आपण त्याला दूरदृष्टी म्हणतो. बँकही बुडीत कर्जाची तरतूद करते. पण कर्ज बुडालं तर बँकेचं नुकसान होतं, पहिला पडला तर कोचचं होतं. माझं होत नव्हतं. तिथेच माझी तरतूद आणि माझी इच्छा एकाच खात्यात जमा झाली.

यावर भाच्यानं त्याच्याच गावचा दाखला दिला. १९८६ आणि १९८७ मध्ये तिथे थर्मन थॉमस खेळत होता आणि त्याच्या मागे पाच फूट आठ इंचांचा बॅरी सँडर्स. थॉमस कॉलेजची मुदत संपवून १९८८ मध्ये बफेलोच्या व्यावसायिक संघात गेला. त्या मोसमात सँडर्सनं अकरा मॅचमध्ये २,६२८ यार्ड पळून काढले, ३७ टचडाऊन केले आणि हाइसमन ट्रॉफी घेतली. कुणाचा पाय मुरगळावा लागला नाही. हे मी मोठ्या समाधानानं सौ.ला वाचून दाखवलं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "आणि त्या सँडर्सच्या मागे कोण होता?"

सँडर्सनं एकट्यानं ३४४ वेळा चेंडू नेला होता. मागच्याच्या वाट्याला उरलं काय? हॉलिडे बोल नावाच्या शेवटच्या मॅचमध्ये सँडर्स तीनच भाग खेळला. चौथ्यात मागच्यांना पळायला मिळालं. स्कोअर ६२-१४; म्हणजे पाहणारे गाडीच्या किल्ल्या चाचपत असतानाच.

हल्ली तसं थांबावं लागत नाही म्हणे. पूर्वी कॉलेज बदललं की सहसा एक वर्ष बसून काढावं लागे. २०२१ पासून पहिल्यांदा बदलणाऱ्याला ती अट राहिली नाही, आणि २०२४ पासून अभ्यास ठीक असला तर कितीही वेळा जाता येतं. बदली खेळाडू स्वतःच बदली मागून घेतो! आमच्याकडे बदली ही शिक्षा असते. पोरांचं भलं झालं यात शंका नाही, पण दुसरे-तिसरे उठून गेले की खोलीला तळ लागतो. भाच्याची काळजी हीच होती. नावं भरपूर दिसतात. ऑक्टोबरातल्या पावसात यांतलं कोण थांबेल?

मी म्हटलं, "एक सांग. पहिला पडला की दुसरा लगेच आत धावतो?"

"छे रे मामा. तो उठेपर्यंत सगळी टीम एक गुडघा टेकून थांबते."

"आणि दुसरा?"

"तोही टेकतो ना. हेल्मेट घालून."